अमेरिकन ॲक्सेंट शिकायचाय? आधी तो 'र' वळवणं जरा थांबवा

अमेरिकन ॲक्सेंट म्हटलं की आपण सगळ्यात आधी काय करतो, तर जीभ वळवतो. प्रत्येक र गोल गोल, मधे मधे 'वॉना' आणि 'गॉना', थोडं नाकातून, झाला अमेरिकन. मी पण दोन वर्षं हेच केलंय त्यामुळे कुणाला हसत नाहीये. माझं काम असं की रोज दोन-तीन तास अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलावं लागतं, आणि एवढे र फिरवूनही समोरून थोड्या थोड्या वेळाने 'सॉरी?' यायचंच.

मग एकदा काय झालं, कॉलवर मला विचारलं की हे शुक्रवारपर्यंत होईल का, मी म्हटलं 'आय कॅन डू इट बाय फ्रायडे', एकदम स्पष्ट, एकेक शब्द सुटा सुटा करून. त्यांनी ऐकलं 'कॅन्ट'. काम दुसऱ्याला गेलं आणि मला ते सोमवारी कळलं. तेव्हा डोकं फिरलं होतं पण नंतर बसून शोधलं तर चूक माझीच निघाली. अमेरिकन माणूस 'कॅन' हा शब्द असा पूर्ण म्हणतच नाही, तो म्हणतो 'आय क्न डू इट', क आणि न मधे नावाला स्वर, आणि सगळा जोर 'डू' वर. उलट 'कॅन्ट' म्हणताना तो ॲ पूर्ण आणि ठसठशीत असतो आणि शेवटचा ट मात्र ते सोडतच नाहीत, जीभ टेकवून हवा अडवतात आणि पुढे जातात. म्हणजे त्यांचा कान ट शोधत नसतो, ॲ शोधत असतो. मी जितकं स्पष्ट 'कॅन' म्हणत होतो तितकं ते 'कॅन्ट' होत होतं. आता बोला.

तर त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे की ॲक्सेंट म्हणजे वेगळे आवाज काढणं हा भाग नंतरचा, आधी कुठे जोर द्यायचा आणि कुठे गिळायचं हे कळायला पाहिजे. आणि दुसरं, लागणाऱ्या आवाजांपैकी अर्धे तरी आपल्या मराठी तोंडात आधीपासून आहेत, फक्त आपण ते चुकीच्या जागी वापरतो. खाली सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय, लांब झालंय, पण एका दिवसात करायचं नाहीये.

कुठला अमेरिकन?

अमेरिकन ॲक्सेंट असा एक नाहीच. बोस्टनचा वेगळा, न्यूयॉर्कचा वेगळा, दक्षिणेकडच्या राज्यांत तर 'पिन' आणि 'पेन' बऱ्याच लोकांच्या तोंडी सारखंच होतं. आपण शिकायचा तो ज्याला जनरल अमेरिकन म्हणतात तो, म्हणजे ऐकून माणूस नेमका कुठला ते सांगता येत नाही असा, राष्ट्रीय बातम्यांमधे ऐकू येतो साधारण तसा. आणि तो वळवलेला र सुद्धा तिथे कायम असाच मानाचा नव्हता बरं का. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची १९३० च्या दशकातली भाषणं ऐका, शब्दाच्या शेवटचे बरेच र गायब, कारण तेव्हा र न म्हणणं हेच उच्चभ्रू समजायचे. नंतर वारं फिरलं. १९६२ साली विल्यम लबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या तीन डिपार्टमेंट स्टोअर्समधे जाऊन एक भारी प्रयोग केला, सॅक्स, मेसीज आणि एस. क्लाइन, म्हणजे महाग, मधलं आणि स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विक्रेत्यांना विचारायचा म्हणजे उत्तर आपोआप 'फोर्थ फ्लोर' येणार, मग ऐकू न आल्यासारखं करून परत विचारायचं. महागड्या दुकानात र सगळ्यात जास्त, स्वस्तात सगळ्यात कमी. म्हणजे ॲक्सेंटसाठी तोंड वाकडं करणारे आपणच नाही, तेही करतात.

सांगायचा मुद्दा, एकच माणूस निवडा. तुमच्या आवाजाच्या पट्टीतला, साधं बोलणारा, ज्याचे खूप तास ऑनलाइन ऐकायला मिळतील असा. मुलाखती सगळ्यात बेस्ट. पाच जणांचं थोडं थोडं उचललं की खिचडी होते आणि ती ऐकणाऱ्याला लगेच कळते.

गिळायला शिका

मराठीत आपण जवळपास प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. क-र-णा-र आ-हे, सगळे रांगेत उभे. तीच सवय इंग्रजीत नेली की ते मशीनगनसारखं वाटतं त्यांना, टाइप केल्यासारखं. इंग्रजीत जोराच्या अक्षरांमधलं अंतर साधारण सारखं ठेवायचा प्रयत्न असतो आणि मधलं सगळं त्यात कोंबायचं असतं.

हे करून बघा. टेबलावर बोटाने एका लयीत तीन ठोके द्या आणि म्हणा, 'किड्स ब्रेक टॉइज'. तीन शब्द तीन ठोके. आता लय तीच ठेवून 'द किड्स आर ब्रेकिंग द टॉइज'. ठोके तीनच, किड्स, ब्रेक आणि टॉइज वर. आता 'द किड्स हॅव बीन ब्रेकिंग ऑल देअर टॉइज'. अजून तीनच ठोके हां. पहिल्यांदा जीभ अडखळणार, कारण 'हॅव बीन' ला पूर्ण जागाच नाहीये, ते 'अव्बिन' असं चिरडूनच बसतं. हे चिरडणं म्हणजेच तुम्ही शोधताय तो ॲक्सेंट. रोज दोन मिनिटं हाच खेळ वेगवेगळ्या वाक्यांवर खेळा, आठवड्यात फरक पडतो असं मी माझ्या अनुभवावरून सांगतोय.

चिरडायचे शब्द ठरलेले आहेत, छोटे छोटे चिल्लर शब्द. टू चं 'ट', फॉर चं 'फर', ॲन्ड चं नुसतं 'न', ऑफ चं 'अव', दॅट चं 'दट', युअर चं 'यर'. हिम आणि हर मधला ह उडतो, 'टेल हिम' चं 'टेलिम'. यातला जो पुसट स्वर आहे ना तो आपल्याला फुकट मिळालाय, आपला अ. 'कमळ' मधला क म्हणताना येतो साधारण तोच. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच आहे पण आपण स्पेलिंग बघून त्याचा आ नाहीतर ओ करतो. 'पोलाइट' नाही 'पलाइट', 'कम्प्युटर' मधला पहिला कॉ नाही, क. जिथे जोर नाही तिथे स्वराचा अ होतो, बहुतेक वेळा चालून जातं हे.

'गॉना' बद्दल एकच सांगतो कारण हे फार ऐकलंय. 'गोइंग टू' चं 'गना' फक्त पुढे क्रियापद असेल तरच. 'आयॅम गना कॉल' ठीक, पण जागेचं नाव आलं की 'गोइंग टू शिकागो' पूर्णच म्हणायचं, 'गना शिकागो' कुणी म्हणत नाही.

शब्दाच्या आतला जोर पण बघायला लागतो. 'डेव्हलप' मधे जोर 'व्हे' वर आहे, आपण 'डे' वर देतो. 'हॉटेल' मधे 'टेल' वर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्यावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, म्हणजे 'रेकर्ड' आणि 'रिकॉर्ड' असे जवळपास दोन वेगळे शब्दच. फोटोग्राफ मधे 'फो' वर, फोटोग्राफी मधे 'टा' वर आणि म्हणून तो होतो 'फटाग्रफी', फोटोग्राफिक मधे 'ग्रॅ' वर. पाठ कसं करायचं सगळं? सगळं नाही करायचं, एक युक्ती लक्षात ठेवा, शेवटी शन, इक किंवा इटी आलं की जोर त्याच्या आधीच्या अक्षरावर, इन्फर्मेशन मधे 'मे', इकनॉमिक मधे 'नॉ', पॉसिबिलिटी मधे 'बि'. अपवाद आहेत थोडे पण एवढ्यावर शेकडो शब्द निघतात. आणि दोन शब्द मिळून एक वस्तू झाली असेल तर जोर पहिल्यावर. राष्ट्राध्यक्ष राहतात ते 'व्हाइट हाऊस' म्हणताना जोर व्हाइट वर, आणि कुठलंतरी पांढऱ्या रंगाचं घर म्हणायचं असेल तर हाऊस वर.

आपला 'च' कुठे गेला?

ही गोष्ट मला कुणी शिकवली नाही, खूप उशिरा डोक्यात आली आणि मला वाटतं मराठी माणसाला ॲक्सेंटमधली सगळ्यात उपयोगी हीच आहे. 'मी तिला सांगितलं' हे वाक्य घ्या. मीच तिला सांगितलं. मी तिलाच सांगितलं. मी तिला सांगितलंच. तीन वेगळे अर्थ आणि आपण काम कशाने केलं, तर एका च ने. इंग्रजीला च नाही. त्यांचा च म्हणजे आवाज वर नेणं आणि ते अक्षर लांबवणं. 'आय टोल्ड हर' मधे 'आय' उचला, झालं मीच. 'हर' उचला, झालं तिलाच. 'टोल्ड' उचला, झालं सांगितलंच. आपण इंग्रजी बोलताना काय करतो, च तर नाहीच वापरता येत, आणि आवाजही सपाट ठेवतो, म्हणजे समोरच्याला कळायला काही मार्गच उरत नाही की मुद्दा कुठला.

तर वाक्य म्हणायच्या आधी मनात मराठीत बघायचं की मी च कुठे लावला असता, आणि तिथे आवाज वर. च कुठेच नसेल तर शेवटच्या अर्थाच्या शब्दावर. 'आय बॉट अ कार', उचलायचं 'कार'. पण गाडीचा विषय आधीच चालू असेल आणि कुठली घेतली एवढंच सांगायचंय तर 'आय बॉट द रेड कार' मधे 'रेड' उचला आणि कार पडू द्या, खाली, जवळजवळ पुटपुटल्यासारखी. जी गोष्ट आधीच माहितीये तिला जोर दिला की त्यांना वाटतं तुम्ही काहीतरी नवीन सांगताय, आणि ते गोंधळतात.

वाक्याचा शेवटही बघा. साधं विधान आणि काय-कुठे-कधी वाला प्रश्न, दोन्हीत आवाज शेवटी खाली येतो. हो की नाही वाल्या प्रश्नात वर जातो. आपण 'व्हेअर आर यू गोइंग' ला पण वर नेतो बऱ्याचदा, आणि ते उगाच चौकशी केल्यासारखं लागतं.

घरात असलेले आवाज

आता आवाजांकडे. मजा अशी आहे की अमेरिकन लोकांचा तो प्रसिद्ध ट, वॉटर, बेटर, सिटी मधला, ज्याला सगळे ड म्हणून शिकवतात, तो खरं तर आपल्या साध्या र च्या फार जवळचा आहे. 'बारा' किंवा 'मारा' म्हणा, जीभ वर एकदाच झटकन टेकते आणि सुटते. तेच. 'सिटी' म्हणजे जवळपास 'सिरी', 'बेटर' म्हणजे 'बेर' आणि पुढे त्यांचा गोल र. 'गॉट टू' चं 'गॉटा' होतं, म्हणजे चक्क 'गारा'! 'आय्व गारा गो', म्हणजे मला निघायला हवं, असं म्हणून बघा एकदा. 'शट अप' चं 'शरप'. आपला ड घेतला तर जीभ जास्त मागे जाते आणि जड होतं, म्हणून मी र च सांगतो.

पण हे कधी करायचं ते महत्त्वाचं. शब्दाच्या आत ट च्या आधी स्वर किंवा र हवा, नंतर स्वर हवा आणि त्या पुढच्या स्वरावर जोर नको. 'ॲटम' मधे होतो, 'ॲरम'. 'अटॉमिक' मधे नाही, कारण तिथे जोर ट वरच आलाय, तिथे खणखणीत ट. शब्दांच्या सीमेवर मात्र पुढच्या स्वरावर जोर असला तरी होतो, 'पुट इट ऑन' म्हणजे 'पुरिरान'. मात्र 'बटन', 'कॉटन', 'माउंटन' मधे ट च्या पुढे न आहे म्हणून तिथे हे चालत नाही, तिथे घशात हवा अडवून सरळ न वर जायचं, 'बट्...न', मधे स्वर नाही. आणि 'ट्वेन्टी', 'इंटरनेट' मधे न नंतरचा ट बरेच जण गिळूनच टाकतात, 'ट्वेनी', 'इनरनेट'. हे ऐकून ओळखता आलं तरी पुरे, बोलायलाच पाहिजे असं नाही.

दुसरा घरचा माल म्हणजे आपला ख, ठ, फ. इंग्रजीत जोराच्या अक्षराच्या सुरुवातीला क, ट, प आला की तो हवेसकट सुटतो. आपण पेन, टाइम, कम हे कोरडे म्हणतो आणि त्यांना पॅट चं बॅट, कम चं गम ऐकू येऊ शकतं, कारण त्यांच्या सुरुवातीच्या ब आणि प मधे मुख्य फरक हवेचाच असतो. तोंडासमोर कागदाचा पातळ कपटा धरा. 'पेन' म्हटल्यावर तो हलला पाहिजे. नाही हलला तर 'फेन' म्हणायला जा पण ओठ दोन्ही पूर्ण मिटून, 'फार' आजी म्हणायच्या तसा, आपला हल्लीचा दात-ओठांवरचा फ नको. 'कम' ला ख कडे न्या, 'टाइम' ला ठ कडे. मात्र आधी स असेल तर हवा बंद, स्पिन, स्टॉप, स्काय मधे आपला कोरडा प-ट-क अगदी बरोबर आहे. म्हणजे इथे मराठीच चालू ठेवायची.

ट आणि ड ची जागा तेवढी पुढे आणा. आपला ट जीभ मागे वळवून टाळूला लागतो, त त्याच्या खूप पुढे दाताला. त्यांचा दोघांच्या मधे, वरच्या दातांच्या मागे हिरडीचा जो उंचवटा आहे तिथे. फक्त एवढं बदललं तरी बोलण्यातला 'जडपणा' बराच कमी होतो.

तिसरा म्हणजे ॲ. आपण बॅट, कॅप छान म्हणतो. तोच ॲ त्यांच्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी आहे जिथे आपण ब्रिटिशांकडून आ घेतलाय, क्लास चं 'क्लॅस', आस्क चं 'ॲस्क', लाफ चं 'लॅफ', डान्स चं 'डॅन्स'. आणि जिथे आपण ऑ म्हणतो तिथे ते बऱ्याचदा आ म्हणतात, 'जाब', 'हाट', 'बाक्स', 'डाक्टर'. हो, जुनी माणसं म्हणायची तसा 'डाक्टर'. आपण त्यांना हसलो आणि अमेरिकन तेच म्हणतोय. ए आणि ओ सरळ ठेवायचे नाहीत, शेवटी थोडे सरकवायचे, 'फेस' नाही 'फेइस', 'गो' नाही 'गोउ'.

इ आणि ई वर जरा थांबा. आपल्याला वाटतं शिप आणि शीप मधे फरक फक्त लांबीचा आहे. नाही. ई ला ओठ ताणलेले, जीभ वर घट्ट. इ ला सगळं ढिलं, थोडं ए कडे झुकलेलं. लांबी सारखी ठेवून दोन्ही म्हणता आलं की जमलं समजा. फुल आणि फूल चं तसंच.

जे नवीन बनवायला लागतात

र. आला शेवटी. यात जीभ कुठेच टेकत नाही, हाच सगळा खेळ. काही अमेरिकन टोक वर वळवतात, काही टोक खाली ठेवून जिभेचा मधला भाग गोळा करतात, आवाज तोच येतो. मला जमलेली युक्ती अशी, 'ळ' म्हणायला जा, जीभ तिथपर्यंत ने, पण टाळूला लागायच्या आधी थांबव, ओठ किंचित गोल कर आणि आवाज चालू ठेव. येतो. मग 'बर्ड', 'वर्क', 'फर्स्ट', 'टर्न' मधे आधी अ आणि मग र असं दोन तुकड्यांत म्हणायचं नाही, सुरुवातीपासूनच र धरून ठेवायचा, 'ब्र्र्ड' सारखं, तोच स्वर आणि तोच र. र प्रत्येक ठिकाणी म्हणायचा, 'कार', 'हार्ड', सगळीकडे, पण वळवण्याचा सोहळा करायचा नाही.

थ आणि द, 'थिंक' आणि 'दिस' मधले. आपले थ-द दाताला लागून हवा अडवतात, त्यांचे अडवत नाहीत. जीभ दातांच्या मधे किंचित बाहेर आणि हवा सतत वाहती, स्स्स् जसा लांबवता येतो तसा हा पण लांबवता आला पाहिजे. लांबवता येत नसेल तर तुम्ही अजून मराठी थ म्हणताय.

व चं बघा, लिहिताना आपण हुशार आहोत, व्हॅन आणि व्हिडिओ ला 'व्ह', वेब आणि वॉटर ला 'व', पण बोलताना सगळं एकच, आणि 'व्हाइट' ला तर लिहितानाही गोंधळ. एक, वरचे दात खालच्या ओठावर टेकवून ओठाला गुदगुल्या होतील असा गुणगुणता आवाज, व्हेरी, व्हॉइस, फाइव्ह. दुसरा, दात लांब, ओठांचा चंबू, उ पासून सुरू, 'उआइन', 'उएस्ट'. 'व्हेरी वेल' हे दोन शब्द आरशासमोर म्हणा, पहिल्याला दात दिसले पाहिजेत, दुसऱ्याला चंबू.

झेड चा आवाज. आपण 'झू' म्हणताना जीभ टेकवतो, 'जहाज' सारखं. टेकवायची नाही. स्स्स् करत राहा आणि त्यातच घसा चालू करा, गळ्यावर बोट ठेवून थरथर बघा. हा आवाज अनेकवचनांत आणि चिल्लर शब्दांत भरलेला आहे, इज, वॉज, डॉग्ज. तसाच श्श् करत घसा चालू केला की 'मेझर' आणि 'टेलिव्हिजन' मधला आवाज.

बाकी किरकोळ. शब्दाच्या शेवटचा ल जिभेचा मागचा भाग उचलून जाड करायचा, 'पीपल', 'फील'. 'न्यू' चं 'नू', 'स्टुडंट' चं 'स्टूडन्ट', य उडतो. स्पेलिंगमधे दोन पी किंवा दोन टी दिसले म्हणून 'हॅप्पी', 'बट्टर' असं डबल करायचं नाही. 'वॉक्ड' नाही 'वॉक्ट', 'हेल्प्ड' नाही 'हेल्प्ट'. शेड्यूल चं 'स्केजूल', व्हिटॅमिन चं 'वायटमिन' सारखं पण दात ओठावर ठेवून.

रोज करायचं काय

एक क्लिप, वीस-तीस सेकंदांची, तुम्ही निवडलेल्या त्याच माणसाची. पूर्ण आठवडा तीच. पहिले दोन दिवस तोंड उघडायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि कागदावर ते वाक्य लिहून जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची, गिळलेल्या शब्दांवर काट. तिसऱ्या दिवशी शब्द न म्हणता नुसती चाल गुणगुणायची, हं-हंऽऽ-हं-हं, गाण्याची चाल बसवतो तशी. वेडपट वाटतं, दार लावून घ्या. मग चौथ्या दिवसापासून त्याच्या मागोमाग, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, न थांबता बोलायचं. मग रेकॉर्ड करून त्याचं एक वाक्य, आपलं एक वाक्य असं लावून ऐकायचं. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून फोन फेकावासा वाटेल, मला वाटला होता.

एका वेळी एकच गोष्ट तपासा. आज फक्त गिळणं, उद्या फक्त च. सगळं एकदम ऐकायला गेलात तर सगळंच वाईट वाटतं आणि माणूस सोडून देतो. क्रमही मी सांगतो तोच ठेवा, महिनाभर लय आणि जोर, मग र सारखा ट आणि हवेचे क-ट-प, मग गोल र, मग बाकीचे. उलटं केलं तर माझ्यासारखी दोन वर्षं जातात.

एखाद्या शब्दावर अडलात तर मेरियम-वेब्स्टरच्या ऑनलाइन डिक्शनरीत अमेरिकन उच्चार ऐकता येतो, केंब्रिजच्या डिक्शनरीत ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही शेजारी शेजारी असतात. यूग्लिश नावाच्या वेबसाइटवर शब्द टाकला की खऱ्या माणसांनी तो वाक्यात कसा म्हटलाय ते व्हिडिओतून दिसतं, आणि तिथे अमेरिकन असं निवडता येतं, मला तर डिक्शनरीपेक्षा हे जास्त आवडतं कारण डिक्शनरी 'कॅन' बहुतेक वेळा पूर्णच म्हणते. प्रात नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी बनवलेलं, दिसायला किचकट पण त्यात तुमच्या आवाजाची चढ-उताराची रेघ स्क्रीनवर दिसते. माझी सपाट रेघ बघून मला लाज वाटली होती. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर मात्र विसंबू नका, ते हल्ली आपला ॲक्सेंट पण आरामात समजतं, म्हणजे त्याने बरोबर टाइप केलं म्हणून तुमचं जमलं असं नाही.

आणि मुद्दाम हळू बोललेलं शिकाऊ इंग्रजी लयीसाठी ऐकू नका, त्यात सगळे चिल्लर शब्द पूर्ण म्हटलेले असतात. शब्द कळायला चांगलं, चाल शिकायला नाही.

कितपत करायचं हा तुमचा प्रश्न. मन्रो आणि डर्विंग या दोन संशोधकांनी १९९५ मधे दाखवलं होतं की माणसाचा ॲक्सेंट ऐकणाऱ्याला खूप जाणवत असला तरी त्याचं बोलणं पूर्ण कळतं असं होऊ शकतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः थ वर आता वेळ घालवत नाही, बहुतेक वेळा संदर्भाने कळतो. जोर आणि कॅन-कॅन्ट वर अजूनही घालवतो.

फोनवर बोलणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण खरी फजिती तिथेच होते. थर्टी आणि थर्टीन. थर्टी मधे जोर 'थर' वर आणि ट चा आपला र, 'थर्री'. थर्टीन मधे जोर 'टीन' वर, खणखणीत हवेचा ट आणि लांब ई. फिफ्टी, सिक्स्टी सगळ्यांना हाच जोराचा नियम. फोन नंबर सांगताना 'डबल फाइव्ह' म्हणू नका, 'फाइव्ह फाइव्ह' म्हणा, तीनचा एक गट, परत तीनचा, मग चारचा, आणि प्रत्येक गटाच्या शेवटी थांबा. झेड हे अक्षर 'झी' होतं. आणि स्वतःचं नाव, ते अमेरिकन करायची काही गरज नाही, पण आपण आपलं नाव सगळ्यात जास्त वेगात म्हणतो, रोजचं आहे म्हणून. पहिल्या कॉलला नाव आणि आडनाव यांच्या मधे पूर्ण एक ठोका थांबा, आणि नावातल्या एका अक्षरावर आवाज उचला, कुठल्याही, म्हणजे त्यांना ते परत म्हणताना पकडायला काहीतरी मिळतं.